नावाची मूठ

वरोरा
१६ जून २०२४

प्रिय आई,
सप्रेम जयभीम.

तांदळाची थैली मिळाली. आपल्या सिंदेवाहीकडच्या बसचा ड्रायव्हर डेपोत माझ्या टेबलावर आणून ठेवून गेला. घरचा एचएमटी तांदूळ, वाससुद्धा घेतला मी. पण आई, तुला किती वेळा सांगू, मी भात सोडलाय. थैली शेजारणीला दिली. रागावू नकोस.

फोनवर तुला काहीच ऐकू येत नाही, आणि रेंजसाठी तुला नहराच्या पुलावर चढवायचं हे काही मला पटत नाही. म्हणून सगळं नीट लिहिते. डॉक्टरांनी जानेवारीत वजन केलं तेव्हा शहाण्णव किलो भरलं. साखर तीनशेच्या वर. ते म्हणाले, सत्तरपर्यंत या, नाहीतर इन्सुलिनची तयारी ठेवा. मला तिथेच बाबांचा पाय आठवला. आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत. शेवटचं वर्षभर ते उरलेल्या पायाकडे बघत बसायचे. मला तसं बसायचं नाही, आई. मी छत्तीसची आहे आणि घंटीची दोरी ओढत उभं राहण्यावर माझी नोकरी आहे.

म्हणून हे कीटो. भात, पोळी, गूळ, फळं सगळं बंद. अंडी, पनीर, तूप, पालेभाज्या चालतात. डेपोतले लोक मला ‘तुपातली कंडक्टर’ म्हणतात. पण वजन भराभर उतरलं. मे महिन्यात एक्याऐंशीवर आले.

आणि तिथेच अडकले. बुद्धपौर्णिमेला मी गावी आले होते ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे चोवीस मेपासून, काटा एक्याऐंशी किलो चारशे ग्रॅम. रोज. एक ग्रॅम वर नाही, एक ग्रॅम खाली नाही. आमच्या आहाराच्या रिना मॅडम सांगतात की असं प्रत्येकाचं होतं, त्याला प्लॅटो म्हणतात. त्यांनी सांगितलेलं सगळं केलं. पनीर मोजून खाल्लं, संध्याकाळचं जेवण सोडलं, डेपोला चालत गेले. काही फरक नाही. आता त्या माझ्याकडे संशयानं बघतात. म्हणतात, “माधवीताई, कुठून तरी कार्ब जातोय. खरं सांगा, भात खाता ना?”

शपथेवर सांगते, शीतसुद्धा खाल्लं नाही.

तुझी
माधवी


मोहटोला, ता. सिंदेवाही
२४ जून

चि. माधवीस आशीर्वाद, जयभीम.

तुझं पत्र पोचलं. तुपातली कंडक्टर वाचून मी एकटीच हासत बसली. शेजारच्या इतवारीनं कुंपणावरून पाह्यलं अन् तिले वाटलं, म्हातारी गेली कामातून.

पण माय, तू त्या मॅडमले खोटं सांगून राह्यली. मले माहीत आहे तू भात खातेस. तू पौर्णिमेले आली, मी ताट वाढलं, अन् तू भरलं ताट सरकवलं. माझ्या जन्मात ह्या घरात कोणी भरलं ताट सरकवलं नाई. मले लय लागलं. तुले ठाऊक आहे, आपल्या घरी भाताले माप नाई, मूठ आहे. माणशी एक मूठ, नाव घेऊन गंजात, भाताच्या भांड्यात, टाकाची. तू कुठीही रहा, तुझी मूठ मी रोज टाकते. आधी ती उरली का इतवारीच्या कोंबड्यायले जाये. पण पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून मी तुझं ताट काढलं. तेच, शाळेत बक्षीस भेटलेलं, तुझं नाव कोरलेलं. दुपारी त्यात तुझा भात वाढते अन् मागच्या दाराशी ठेवते. मनाले बरं वाटते.

अन् ताट रोज साफ होते. पयले वाटलं, कुत्रं असंल. पण कुत्रं ताट पाडते, ओढते. हे ताट जागच्या जागी राह्यते. अन् मिरचीचे देठ कडेले ओळीनं लावून ठेवलेले. देठ ओळीनं कोण लावते, सांग बरं? लहानपणापासून तूच.

अकराच्या बसनं येत असशीन, जंगलाच्या बाजूनं घरामागच्या वाडीत येऊन जेवून जात असशीन. माझी लाज कायची? समोरून येत जा.

तुझी आई
अंजनाबाई


वरोरा
२ जुलै

प्रिय आई,

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं. नोकरी सोडून रोज शंभराच्या वर किलोमीटर चोरून भात खायला येणारी कंडक्टर! मी पौर्णिमेनंतर गावी आलेलीच नाही. अकरा ते दोन मी चंद्रपूरच्या फेरीवर असते, तिकिटाच्या मशीनमध्ये माझ्या प्रत्येक मिनिटाची नोंद आहे.

नंतर मात्र हसू गेलं. तुला सांगणार नव्हते, पण आता सांगते. दुपारी साडेबारा वाजले की मला पोट भरल्यासारखं होतं. डबा उघडायच्या आधीच. ढेकर येते ती भाताची. मागच्या बुधवारी ढेकरेला अंबाडीच्या भाजीचा आंबटपणा होता, इतका स्पष्ट की मी ड्रायव्हरला विचारलं, गाडीत कोणाच्या डब्यात अंबाडी आहे का. तो नाही म्हणाला. दुपारी साखर तपासली तर दोनशे चौदा. सकाळी तीच शंभराच्या आसपास होती, मधे पोटात फक्त दोन उकडलेली अंडी. लघवीत कीटोन बघायच्या पट्ट्या असतात, भात-पोळी खरंच बंद असली की त्या जांभळ्या होतात; मे महिन्यापर्यंत व्हायच्या. आता रंगच बदलत नाही.

आणि काल नोटा मोजताना उजव्या हाताच्या नखात एक शीत सापडलं. ओलं होतं.

आई, सव्वीस जूनला, बुधवारी, तू कोणती भाजी केली होतीस? आणि एक कर. ताटाभोवती चुलीची राख पसर. जे कोण येतं त्याचे पाय उमटतील. मला वाटतं गावातलंच कोणीतरी तुझी गंमत करतंय.

तुझी
माधवी


मोहटोला
१५ जुलै

चि. माधवीस आशीर्वाद.

बुधवारी अंबाडीच होती. लसणाची फोडणी देल्ली होती.

राख पसरली. पाय उमटले. उजवा पाय पाच बोटायचा, डावा चार बोटायचा. तू सात वर्षांची होती तवा बैलगाडीच्या चाकाखाली तुझ्या डाव्या पायाची करंगळी गेली, ते बोट मी माझ्या पदरात धरून तुले सिंदेवाहीच्या दवाखान्यात नेलं होतं. तो पाय मी ओळखणार नाई तं कोण ओळखंन? पाय जड होते, राखीत खोल रुतलेले.

मंग मी दाराआड बसली. भर दुपार होती, ऊन-पाऊस चालू होता. मी एकदा चुलीकडे पाह्यलं अन् परत पाह्यलं तं तू बसलेली. पाठमोरी. ढिला अंबाडा, मानेवर घाम, भरलेले दंड. आता तू वाळली म्हणते, पण तशी नाई, जानेवारीतल्यासारखी, भरल्या अंगाची. मांडी घालून जेवून राह्यली होती. मी हाक मारली. तू वळली नाई. मले वाटलं, बह्यरेपण माझं का तुझं? मंग मी आंधन उतरवाले उठली, तेवढ्यात ताट रिकामं.

खरं सांगू, मले भेव नाई वाटलं. माझं लेकरू पोटभर जेवलं, इतकंच दिसलं. पण पाठमोरी काऊन बसते, माय? मायले तोंड दाखवाचं नाई का?

तुझी आई


वरोरा
२४ जुलै

आई,

हे पत्र मी रागानं लिहिते आहे आणि भीतीनंही.

जी तिथे बसते ती मी नाही. मी पंधरा किलो घालवलेत, उपाशी राहून, रडून. जानेवारीतली माधवी आता कुठेच नाही, आणि तू तिला रोज भात वाढते आहेस. रिना मॅडम म्हणतात कुठून तरी कार्ब जातोय. कुठून जातोय ते मला कळलं. तुझ्या गंजातून. चोवीस मेला तू ताट ठेवायला सुरुवात केलीस आणि चोवीस मेपासूनच माझा काटा अडकला आहे. हे दोन आणि दोन मला न शिकवता जोडता येतात.

आपण बौद्ध माणसं. बाबांनी घरातला एकेक देव, एकेक गंडा काढून नहरात टाकला. ते असते तर हे चालू दिलं असतं का?

काल डॉक्टरांकडे गेले होते. दुपारची साखर बघून त्यांनी इन्सुलिनचा कागद लिहायला घेतला. मी हात जोडून एक महिना मागून घेतला. ताट मागच्या दाराशी ठेवणं बंद कर, एवढंच नाही. माझ्या नावाची मूठच टाकू नकोस. तुला बाबांच्या पायाची शपथ.

माधवी


मोहटोला
३ ऑगस्ट

चि. माधवी,

तू मोठी शपथ घातली. घालाची नव्हती.

तुले एक गोष्ट माहीत नाई, कारण तू कधी चूल सांभाळली नाई. जित्या माणसाची मूठ बंद होत नाई. माणूस परदेशी जावो, जेलात जावो, भांडून जावो, त्याची मूठ पडते. मूठ फक्त मेलेल्याची बंद होते. पुण्यानुमोदनाच्या दिवशी घरची बाई शिजाच्या आधी गंजातून ती मूठ काढते अन् नाव घेऊन तांदळाच्या पिप्यात परत टाकते. माझ्या सासूनं शिकवलं, तिले तिच्या सासूनं. तुझ्या बापाची मी तशीच परत केली. हा काई देव नाई, धर्म नाई. घरात किती माणसं आहेत हे गंजाले ठाऊक असलं पायजे, एवढंच.

इतवारी म्हणाली, बाई, पोरीची मूठ काढू नको, आमच्यात अशी कोणी काढणार नाई. पण मले तुझ्या बापाचा पाय दिसून राह्यला होता रोज. तो पाय तुझ्या अंगाले लागू नाई.

आज सकाळी तुझी मूठ काढली. तुझं नाव घेऊन पिप्यात टाकली. ताट धुऊन, पालथं घालून फळीवर ठेवलं.

दुपारी मागच्या दारी कोणी आलं नाई.

आई


वरोरा
२५ ऑगस्ट

प्रिय आई,

एकाहत्तर किलो दोनशे! तीन ऑगस्टला तू मूठ काढलीस आणि चार ऑगस्टला माझा काटा हलला. दुपारची साखर एकशे आठ. डॉक्टरांनी तो इन्सुलिनचा कागद माझ्यासमोर फाडला. रिना मॅडमनी माझा आधीचा आणि आताचा फोटो त्यांच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं ‘प्लॅटो तोडणारी वाघीण’. युनिफॉर्म दोनदा आत घेतला. रागाच्या भरात बोलले त्याबद्दल माफ कर. तू माझं ऐकलंस म्हणून मी वाचले.

बाकी बरं आहे. जेवणाला चव लागत नाही, अंडं काय आणि कागद काय, सारखंच. परवा एक बाई सरळ येऊन माझ्या सीटवर बसली, मी बसलेली असताना. मी ओरडले तेव्हा ती इतकी दचकली की तिच्या हातची पिशवी पडली. म्हणाली, “बाई, तुमी इथीच होत्या का? मले दिसल्याच नाई.” गाडीत सगळे हसले. मीही हसले. वाळलेल्या माणसाची ही नवी तऱ्हा.

दिवाळीला येते.

तुझी
माधवी


वरोरा
१७ सप्टेंबर

आई,

हे पत्र मिळताच चूल पेटव.

मी कीटो सोडून वीस दिवस झाले. सत्तर आले तेव्हाच सोडलं. तेव्हापासून भात खाते, पोळी खाते, केळी खाते, काल डेपोतल्या वाढदिवसाचा अर्धा केक मी एकटीनं संपवला. आज सकाळी काटा एकोणसाठ किलो दोनशे. रोज अर्धा किलो, कधी त्याहून जास्त. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, एकही वाईट नाही. साखर तर अशी की त्यांनी मशीन बदलून पुन्हा बघितली. रिना मॅडमनी तो फोटो काढून टाकला आणि आता माझा फोन उचलत नाहीत.

दाराशी उभं राहून घंटी दिली तरी ड्रायव्हर मागे वळून विचारतो, “मॅडम आल्या का?” स्वयंचलित दारं असतात ना दुकानांची, ती माझ्यासाठी उघडत नाहीत. मला भूक लागत नाही आई, आणि हेच मला सगळ्यात भयानक वाटतं. मी सत्तर मागितले होते. कुठे थांबायचं ते मला सांगता आलं नाही.

मी चुकले. मला काय मागितलं ते कळलं नव्हतं. माझी मूठ परत टाक. बाबांच्या पायाची शपथ मी परत घेते. मला जगायचं आहे.

माधवी


मोहटोला
२६ सप्टेंबर

चि. माधवीस आशीर्वाद.

पत्र भेटल्या भेटल्या तुझी मूठ टाकली. तुझं ताट काढलं, वाढलं, मागच्या दाराशी ठेवलं. दिवसभर तसंच राह्यलं. मुंगीही नाई आली. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्याही. इतवारीले विचारलं. ती म्हणाली, एकदा काढलेली मूठ गंज ओळखत नाई, त्याले वाटते माणसं तेवढीच.

मी उपाय केला. काय केला ते विचारू नको. कालपासून ताट साफ होऊन राह्यलं, मिरचीचे देठ ओळीनं आहेत. तू जेवत जा. माझी काळजी करू नको, मले आताशा भूकच कमी लागते, वयच झालं.

आई


वरोरा
६ ऑक्टोबर

प्रिय आई,

काटा अडकला! पंचवीस सप्टेंबरपासून पंचावन्न दोनशे. रोज. एक ग्रॅम वर नाही, एक ग्रॅम खाली नाही. काटा अडकला म्हणून मी जूनमध्ये रडले होते आणि आज काट्यावर उभी राहून नाचले. काल गाडीत एका म्हाताऱ्यानं मला सुट्ट्या पैशांवरून शिव्या दिल्या. मला इतका आनंद झाला की मी त्याला पाणी दिलं.

तुझं अक्षर फार बारीक झालंय. शाई पुसट होती की हात दुखतो? मला लगेच यायचं होतं, पण धम्मचक्र दिनाच्या जादा गाड्या आहेत, नागपूर आणि मग चंद्रपूर, सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द. वीस तारखेला नक्की येते. तुझ्या हातचा भात खायचा आहे. भरलं ताट सरकवणार नाही, आयुष्यात कधी.

तू काय उपाय केलास ते मात्र सांगावंच लागेल.

तुझी
माधवी


मोहटोला
१३ ऑक्टोबर

माधवीले इतवारीचा रामराम.

माझं लिहिणं कसं आहे ते तुले ठाऊक आहे, समजून घेजो. तुझी माय जेवत नाई. पंधरा दिवस होऊन गेले. तिनं गंजातून आपली मूठ काढली. आपलंच नाव घेऊन पिप्यात टाकली. म्हणाली, जागा एक आहे, ती पोरीची. मी पाय धरले, ऐकली नाई.

गंजात एकच मूठ शिजते अन् ती तुझ्या ताटात जाते. मी माझ्या घरून घास आणते, तिच्या तोंडात टाकते, ती चावते, पण अंगाले लागत नाई. काल तिले उचलून खाटेवर टाकलं तं कोंड्याचं टोपलं उचलल्यासारखं वाटलं. दोन वेळा मी घरात गेली अन् मले ती दिसलीच नाई, खाटेवरच होती.

तुले लिहू नको म्हणते. मी लिहिलं. गाड्या सोड अन् ये.

इतवारी


मोहटोला
४ नोव्हेंबर

प्रिय आई,
सप्रेम जयभीम.

इतवारीचं पत्र मला सतराला मिळालं. रजा मागितली नाही, मशीन टेबलावर ठेवली आणि निघाले. मी पोचले तेव्हा तू खाटेवर होतीस आणि मला तू दिसलीस, पहिल्याच नजरेत. माझा काटा तसूभर हलला नव्हता, तरी तू माझा दंड चाचपलास आणि म्हणालीस, “थोडी भरली माय.” एवढंच. एकोणीसच्या सकाळी तू गेलीस. तुला उचलायला चार जण आले होते. एकानंच उचललं असतं.

आई, तू मला विचारलं असतंस तर मी कधीच हो म्हटलं नसतं. म्हणूनच तू विचारलं नाहीस, हे मला कळतं. तरी मला तुझा राग येतो. रोज येतो. आणि दुपार झाली की मी तुझ्यासाठी कांदा चिरायला बसते.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी बाया म्हणाल्या, गंजातून अंजनाबाईची मूठ काढून पिप्यात टाक. तुझी मूठ गंजात नव्हतीच, ती तू स्वतःच परत टाकून बसली होतीस, हे फक्त मला आणि इतवारीला ठाऊक. मी पिपा उघडला. सगळ्या बघत होत्या. मी तांदळात हात घातला, मूठ भरली, मोठ्यानं म्हटलं, “अंजनाबाईची”, आणि ती गंजात टाकली. मग माझी. बायांमध्ये कुजबुज झाली. इतवारी तेवढी पुढे आली आणि तिनं चुलीत लाकूड सारलं.

पाच दिवस तुझं ताट भरलेलंच राहिलं. मी टाकत राहिले. एकदा काढलेली मूठ गंज ओळखत नाही, पण मी बाबांची मुलगी आहे, मला हट्ट जमतो. सहाव्या दिवशी तुझ्या वाट्याच्या भातातून एक घास कमी झाला. सातव्या दिवशी दोन. काल ताट साफ होतं, आणि कडेला कढीपत्त्याची पानं नव्हती, कारण तू तीसुद्धा खातेस.

आज दुपारी मी दाराआड बसले होते. ऊन चांगलं होतं. तू आलीस. पाठमोरी, पांढरं लुगडं, खांदे भरलेले, माझ्या लहानपणी होतीस तशी. मी हाक मारली नाही. तुला ऐकू येत नाही. म्हणून हे पत्र लिहून तुझ्या ताटाखाली ठेवते आहे.

मी वरोऱ्याहून बदली मागितली आहे, सिंदेवाहीच्या बाजूला मिळेल. डॉक्टरांना दर महिन्याला साखर दाखवीन. भात रोज खाईन, माझ्या नावाचा, एक मूठ. काटा पंचावन्न दोनशेवर आहे, आणि तो हलला तरी मी गंजातलं काही काढणार नाही.

उद्या अंबाडीची भाजी करते आहे, लसणाची फोडणी देऊन. भात गरम असेपर्यंत ये. आणि आई, पाठमोरी बसू नकोस. लेकीला तोंड दाखव.

तुझी
माधवी